प्रवाह वळवला, आजार ओसरला

क्रोन्स आजारात सुजलेले आतडे कापून टोके जोडली, तरी जोडाच्या अलीकडे अनेकदा पुन्हा व्रण उठतात. का? बेल्जियममधल्या ल्यूवेन इथे पॉल रूटगीर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये पाच रुग्णांमध्ये याचे उत्तर शोधले. त्यांनी जोड घातला, पण त्याच्या वरच्या बाजूला लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून, म्हणजे स्टोमा करून, प्रवाह तिथूनच पिशवीत वळवला. सहा महिन्यांनी पाहिले तर एकाच्याही जोडाजवळ आजार परतलेला नव्हता. स्टोमा बंद केल्यावर मात्र सहा महिन्यांत पाचही जणांत तो परतला. 1998 मध्ये या गटाने तीन रुग्णांच्या कोरड्या ठेवलेल्या भागात त्यांच्याच स्टोमातला द्रव सोडला; आठ दिवसांत सूज सुरू झाली होती.

म्हणजे ठिणगी आतड्यातून वाहणाऱ्या पदार्थातच आहे. ती जिवाणूंची की अन्नातल्या घटकाची, हे अजून निश्चित नाही. पण स्टोमाने एवढा मोलाचा पुरावा दिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात मात्र नुसता प्रवाह वळवून भागत नाही; औषधे पुरली नाहीत तर तिथे मोठे आतडेच काढावे लागते.

उलट, प्रवाह पूर्ण तोडणेही आतड्याला मानवत नाही. मोठ्या आतड्याच्या पेशी जिवाणूंनी तंतुमय अन्नातून बनवलेल्या ब्युटिरेटवर जगतात. ते मिळेनासे झाले की रिकाम्या आतड्यालाही सूज येते, आणि ती क्रोन्सची की उपासमारीची, हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

गुदद्वाराजवळच्या भगंदरांनी हैराण झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना स्टोमाने सुरुवातीला आराम पडतो, असे 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. पण आतडे पुन्हा जोडून टिकले ते सहांपैकी जेमतेम एकाचे. ‘तात्पुरता स्टोमा’ म्हणून संमतीपत्रावर सही घेण्याआधी हा आकडा रुग्णाला सांगितलाच पाहिजे.

स्टोमा कसा आणि कुठे काढतात, हेही महत्त्वाचे. लहान आतड्यातला पाचक रस कातडी जाळतो. म्हणून ब्रायन ब्रूक यांनी 1952 मध्ये आतड्याचे टोक बाहीसारखे उलटे दुमडून थोडे वर उचलले. आजही तसेच करतात. या स्टोमातून पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे उन्हाळ्यात नुसते पाणी पुरत नाही, ओआरएस लागते. आणि स्टोमाच्या जागेची खूण शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्णाला बसवून, उभे करून, परकराची किंवा पायजम्याची नाडी कुठे येते ते पाहून करायची असते.