कार्ड आहे, पण ओळख नाही!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून मुरबाडच्या काकांनी आपल्या संगणकवर्गातला सर्व्हर माझ्यावर सोपवला. शहापूरहून एस.टी.ने गेलो. एकाच यंत्रात पाच-सहा आभासी संगणक चालवायचे, त्यासाठी ‘ईएसएक्सआय ७.०’ बसवू लागलो. मध्येच ते अडले : नेटवर्क कार्ड सापडत नाही! कार्डाचा दिवा तर लुकलुकत होता.

“जळलंय. यंत्र भंगारात देतो,” काका म्हणाले.

मला पटेना. वाडीतली माणसे तहसील कचेरीत जातात तेव्हा अर्ज भरायला मी सोबत असतो. कचेरी असते, माणसे असतात. मधे बोलणारा नसला की काम अडते. कार्ड आणि प्रणाली यांच्यामधला असा बोलणारा म्हणजे ड्रायव्हर.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कार्डाचा क्रमांक काढला : १०ईसी:८१६८. पहिला भाग रियलटेक कंपनीचा, दुसरा चिपचा. (इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रोसेसरचेच नाव!) या चिपचा ड्रायव्हर २०१३ च्या ५.५ आवृत्तीतून वगळला गेला; तरी बाहेरून घालता येई. २०२० च्या ७.० आवृत्तीने तसले जुने ड्रायव्हर चालवणेच बंद केले.

इंटेलचे कार्ड घेतले असते तर प्रश्न मिटता, पण पैसे कुठले? ‘प्रॉक्समॉक्स’ फुकट मिळते आणि लिनक्सवर चालते. लिनक्समध्ये या कार्डाचा ‘आर८१६९’ ड्रायव्हर असतोच. ते बसवले. दुपारी काकांच्या मोबाइलवर सर्व्हरचे पान उघडले.

काकांनी भंगारवाल्याला फोन लावला, “येऊ नको.”