नेटवर्क-स्विचमधील अंतर्बद्ध परवली : स्वरूप व उपाय

संगणकांच्या जाळ्यातील स्विच हे यंत्र बाहेरून साधे दिसते. आलेली माहिती योग्य दाराने पुढे पाठविणे एवढेच त्याचे दृश्य कार्य होय. परंतु या कार्याची व्यवस्था लावण्याकरिता स्विचमध्ये व्यवस्थापनाचा एक स्वतंत्र मार्ग ठेवलेला असतो. त्या मार्गाने ज्याला पूर्ण अधिकारासह प्रवेश मिळतो, तो जाळ्यातील वाहतूक वळवू शकतो, तिची प्रत आपल्याकडे घेऊ शकतो, किंवा ती सर्वस्वी बंद पाडू शकतो. यास्तव प्रवेशाची परवली कोणाकोणास ठाऊक आहे, हा प्रश्न मूलभूत ठरतो.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. नव्या यंत्राबरोबर येणारा आरंभीचा पासवर्ड पुस्तिकेत छापलेला असतो. तो न बदलणे हा वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा होय. अंतर्बद्ध परवली याहून निराळी आहे. ती निर्मात्याने फर्मवेअरमध्येच गोवलेली असते. पुष्कळदा तिचा उल्लेख पुस्तिकेत नसतो, आणि ती बदलण्याची सोयही बहुधा नसते. दक्ष व्यवस्थापकही तिच्यापुढे हतबल ठरतो, तो यामुळेच.

निर्माते असे का करतात? कारणे सामान्यतः व्यावहारिक असतात. कारखान्यातील चाचणी सुकर व्हावी, किंवा ग्राहक पासवर्ड विसरल्यास त्याला साहाय्य करता यावे, हा हेतू असतो. हेतू गैर नाही. साधन मात्र सदोष आहे. एकच फर्मवेअर सहस्रावधी यंत्रांत असल्यामुळे एका प्रतीचे विश्लेषण करणाऱ्यास सर्व यंत्रांचे रहस्य सापडते. यंत्रणेचा आराखडा शत्रूच्या हाती पडला तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच मांडले होते. अंतर्बद्ध परवली नेमका त्याचाच भंग करते.

रगेडकॉम या कॅनडातील कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचे स्विच विद्युत्-उपकेंद्रे, रेल्वे अशा ठिकाणी वापरले जात. एप्रिल २०१२ मध्ये जस्टिन क्लार्क या संशोधकाने प्रसिद्ध केले की, या स्विचांच्या कार्यप्रणालीत ‘फॅक्टरी’ नावाचे खाते असून ते बंद करता येत नाही. त्याचा पासवर्ड प्रत्येक यंत्रात वेगळा होता खरा. परंतु तो त्या यंत्राच्या मॅक-पत्त्यावरून ठराविक गणिताने काढलेला होता. मॅक-पत्ता ही गुप्त वस्तू नव्हे. त्याच्या ४८ बिटांपैकी पहिले २४ निर्मात्याचे द्योतक असतात. म्हणजे एका निर्मातृ-क्रमांकाखाली उरतात ते अवघे १,६७,७७,२१६ पर्याय. पत्ता कळला की अनुमानाचीही गरज उरत नाही. तात्पर्य, पासवर्ड भिन्न असणे पुरेसे नाही. तो अनुमेय नसणे आवश्यक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच प्रणालीत अंतर्बद्ध आरएसए खासगी किल्ली असल्याचेही उघड झाले.

सिस्को कंपनीच्या तीन प्रकरणांवरून उपायांची मर्यादा स्पष्ट होते. २०१८ मध्ये आयओएस एक्सई प्रणालीत आढळलेले सर्वाधिकारी खाते व्यवस्थापकाला काढून टाकता येत होते. २०१९ मध्ये नेक्सस ९००० मालिकेत सर्वत्र एकच एसएसएच किल्ली आढळली. तेथे नवे सॉफ्टवेअर घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. २०२१ मध्ये कॅटॅलिस्ट पॉन मालिकेतील दोष टेलनेटशी निगडित होता आणि टेलनेट मुळात बंद असल्याने, ते चालू केले असेल तेथेच धोका होता.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. प्रथम जाळ्यातील प्रत्येक स्विचची व त्यातील फर्मवेअर-आवृत्तीची नोंद हवी; नोंदीवाचून सूचनापत्रकाचा उपयोग नाही. दुसरे, दुरुस्त आवृत्ती विनाविलंब घालावी. तिसरे, व्यवस्थापनाचा मार्ग सामान्य वाहतुकीपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून मोजक्या संगणकांनाच तेथे प्रवेश द्यावा, आणि टेलनेटसारख्या अनावश्यक सेवा बंद कराव्यात. परवली ठाऊक असूनही दारापर्यंत पोहोचता येऊ नये, हे या उपायाचे मर्म होय. चौथे, प्रवेशाच्या नोंदी स्विचबाहेर साठवून तपासाव्यात. केंद्रीय प्रमाणीकरण उपयुक्त आहे. तथापि छुपे स्थानिक खाते त्याला जुमानील असे गृहीत धरता येत नाही.

परंतु हे सर्व उपाय रोगाची व्याप्ती रोखणारे आहेत. रोगाचे मूळ निर्मितीत आहे. प्रत्येक यंत्रास यादृच्छिक पासवर्ड देणे, प्रथम वापराच्या वेळी तो बदलणे अनिवार्य करणे, आणि विसरलेल्या पासवर्डाची सोय यंत्राजवळ प्रत्यक्ष उपस्थित असणाऱ्यापुरतीच ठेवणे, एवढ्याने ग्राहक-साहाय्याचा मूळ हेतूही साधतो. म्हणून खरेदीच्या करारातच अंतर्बद्ध परवलीस मनाई करणारी अट घालणे, हा संस्थांच्या हातातील सर्वांत परिणामकारक उपाय मानावा लागतो.