मेंदूचा मेसेज मानेत अडकतो तेव्हा...

फोन चांगला, इअरफोनही चांगले, पण मधली वायर आतून तुटलेली. गाणं वाजत असतं, कानापर्यंत येत नाही. मानेत मज्जारज्जूला मोठी इजा झाली की असंच काहीसं होतं. मेंदू शाबूत, हाताचे स्नायूही शाबूत, पण ‘बोटं मिट’ हा मेसेज मानेच्या खाली उतरतच नाही.

अमेरिकेतल्या ओहायोचा इयन बर्कहार्ट २०१० मध्ये १९ वर्षांचा होता. मित्रांसोबत समुद्रावर गेला, लाटेत सूर मारला आणि खालच्या वाळूवर आपटला. मान मोडली. (पावसाळ्यात डोहाची खोली न बघता उडी मारणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.) खांदे आणि कोपर थोडे हलायचे, बोटं अजिबात नाहीत.

२०१४ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत एक छोटी चिप बसवली. जिथून हात हलवायचे आदेश निघतात, बरोबर त्या भागात. चिपवर ९६ इलेक्ट्रोड. इयनने स्क्रीनवरचा हात बघायचा आणि तशीच हालचाल करायचा मनात विचार करायचा. त्या वेळी मेंदूत उठणारे सिग्नल ‘बॅटेल’ या संस्थेचं सॉफ्टवेअर ओळखायला शिकलं. मग हाताला गुंडाळलेल्या १३० इलेक्ट्रोडच्या पट्ट्यातून स्नायूंना करंट मिळायचा आणि बोटं हलायची! म्हणजे तुटलेली वायर जोडलीच नाही, बाहेरून दुसरी टाकली. बाटलीतून ओतणं, ढवळणं, गिटारचा व्हिडिओ गेम खेळणं, हे सगळं त्याने करून दाखवलं.

व्हायरल व्हिडिओत एक गोष्ट मात्र पटकन लक्षात येत नाही. डोक्यातून निघालेली केबल कॉम्प्युटरला जोडलेली असायची. ती काढली की बोटं पुन्हा थांबली. २०२१ मध्ये इन्फेक्शनमुळे चिपही काढावी लागली.

पण याच प्रयोगातून एक भारी गोष्ट कळली. इयनला बोटांचा स्पर्श जवळजवळ जाणवत नव्हता, तरी स्पर्शाचे अगदी क्षीण सिग्नल त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचत होते. २०२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीत वायर ‘पूर्ण’ तुटलेली असली, तरी आत काही तारा शिल्लक असू शकतात.

उरलेल्या तारांकडूनच काम करून घ्यायचं, हा दुसरा रस्ता. यात ऑपरेशन नाही. मानेच्या मागे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवायचे, करंट द्यायचा आणि त्याच वेळी हाताचे व्यायाम करायचे. करंटमुळे मज्जारज्जूतल्या पेशी जास्त ‘जाग्या’ राहतात, त्यामुळे वरून आलेला अशक्त मेसेजही त्यांना पकडता येतो, अशी कल्पना आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘अप-लिफ्ट’ चाचणीत ६० जणांनी आधी दोन महिने फक्त व्यायाम केला, नंतर दोन महिने व्यायाम आणि करंट दोन्ही. ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि वापर, दोन्ही सुधारले. त्यात काही जणांच्या इजा तर खूप जुन्या, तब्बल ३४ वर्षांपर्यंतच्या होत्या! डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या यंत्राला परवानगी मिळाली.

तरी मी लगेच टाळ्या वाजवणार नाही. तुलनेसाठी खोटा करंट दिलेला वेगळा गट या चाचणीत नव्हता. आणि सगळ्यांच्या मज्जारज्जूतून थोडंफार काहीतरी खाली पोहोचत होतं. इयनसारखी, तपासणीत ‘पूर्ण’ ठरलेली इजा असणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं.