सावलीचे अंगण

सरकारी नोकराला घर निवडता येत नाही. मिळालेल्या घराशी त्याला जमवून घ्यावे लागते. काही वर्षांपूर्वी माझी दिल्लीला बदली झाली, तेव्हा वाट्याला आलेल्या तळमजल्यावरील घरामागे उत्तरेच्या बाजूला एक चिंचोळे अंगण होते. दोन्हीकडे उंच, जुन्या चुनेगच्ची भिंती आणि वर शेजारच्या कडुलिंबाचे छत्र. तेथे मी प्रथम गुलाब लावला, मग मोगरा. दोघांनीही पानांपलीकडे काही दिले नाही आणि मी अंगणाला दोष देऊन मोकळा झालो. दोष अंगणाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता, हे मला पुढे नेच्यांनी शिकविले.

नेचा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यात घाटातल्या कातळावर किंवा जुन्या विहिरीच्या चिऱ्यांतून काळ्या, चकचकीत देठांची नाजूक पाने लोंबतात, तो हंसराज नेच्यांपैकीच एक. नेच्याला फूल येत नाही. म्हणून फळ नाही आणि बीही नाही. त्याच्या पानाच्या पाठीवर अथवा कडेला तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत धुळीसारखी सूक्ष्म बीजुके असतात. बीजुक ओल्या जागी पडले की त्यातून एकदम नेचा उगवत नाही. आधी नखाहून लहान, बहुधा हृदयाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावरील नरपेशी पोहत जाऊन स्त्रीपेशीला मिळते, तेव्हा कोठे नेच्याचे रोप जन्म घेते. पोहण्यासाठी पाणी हवे, मग ते दवाच्या थराएवढे का असेना. ओलाव्याशी या वनस्पतीचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

हे मला तेव्हा कळते, तर माझा पहिला हंसराज होरपळला नसता. मे महिन्यात लू वाहू लागली, तसा मी कुंडीला दोन वेळा पाणी घालू लागलो. तरीही आठवड्यात पाने कागदासारखी कुरकुरीत झाली. मुळांना पाणी मिळत होते. पानांना हवी असलेली ओलसर हवा मिळत नव्हती. मी कुंडी टाकून द्यायला निघालो, पण माझ्या पत्नीने ती काढून घेतली, वाळलेली पाने कापली आणि कुंडी माठाच्या तिवईखाली ठेवून दिली. माठाचा गारवा आणि पाझर तिला मिळत राहिला. जुलैत पाऊस आला आणि मातीतून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली कोवळी पाने वर आली. जमिनीलगतचे खोड जिवंतच होते.

अशीच अडचण लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना आली होती. कोळशाच्या धुराने त्यांच्या अंगणातले नेचे जगत नसत. इ. स. १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश पाहण्यासाठी त्यांनी ओली माती घालून एक बाटली बंद करून ठेवली होती. त्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवलेले त्यांना दिसले. मातीतला ओलावा काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. या निरीक्षणातून काचेच्या पेट्या तयार झाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ नंतर चीनमधून हिमालयाच्या पायथ्याकडे चहाची रोपे आणली, ती अशाच पेट्यांतून. ज्यांना अंगण नाही, त्यांनी एखाद्या काचेच्या बरणीत हा प्रयोग अवश्य करावा; मात्र बरणी उन्हात ठेवू नये.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सावली म्हणजे अंधार नव्हे. भर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल, एवढा उजेड असावा. कुंडीच्या तळाशी कौलाचे तुकडे घालावेत. वर थोडी माती, जाड वाळू आणि मुख्यत्वे कुजलेल्या पानांचे खत भरावे. माती ओलसर असावी, तिचा चिखल होऊ नये. कुंड्या एकमेकींजवळ, पाणी व खडे घातलेल्या परातीवर ठेवाव्यात. कुंडीचा तळ मात्र पाण्यात बुडू देऊ नये. उत्तरेकडील उन्हाळ्यात भोवती ओले गोणपाट टांगावे. नवशिक्याने चिवट नेफ्रोलेपिसपासून आरंभ करावा. तो धुमाऱ्यांनी आपोआप पसरतो. मुंबई-कोलकात्याच्या दमट हवेत पक्ष्याच्या घरट्यासारखा वाढणारा नेचा सुखाने राहतो. हंसराजाच्या मातीत जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे मिसळावेत.

पानामागचे ठिपके पाहून औषध फवारण्याची घाई करू नये. मी एकदा ते तंबाखूच्या पाण्याने पुसून काढले होते. ठिपके नेमक्या अंतराने मांडल्यासारखे असतील, तर ती बीजुकांची घरे होत. वेडेवाकडे पसरलेले, चिकट आणि नखाने सहज सुटणारे असतील, तर ती खवले कीड. ती ओल्या फडक्याने पुसावी.

आणखी एक विनंती. सह्याद्रीत किंवा हिमालयात फिरताना नेचे उपटून आणू नयेत. ते वाटेतच सुकतात आणि कातळावरची त्यांची जागाही उजाड होते. रोपवाटिकेतून घ्यावेत, किंवा शेजाऱ्याच्या कुंडीतून एक फुटवा मागून आणावा.

पुढे माझी पुन्हा बदली झाली. कुंड्या शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून अंगणाचा निरोप घेताना पाहिले, तो नळाजवळच्या भिंतीच्या फटीत बोटभर उंचीचा हंसराज उगवला होता. तो आम्ही लावलेला नव्हता. ज्या अंगणाला मी निरुपयोगी म्हटले होते, तेथे त्याने स्वतःच आपली जागा शोधली होती.