उभ्या गाडीचं वायरिंग

कल्याणची महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ला अस्तित्वात आली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला मारुती ८०० च्या पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हातून किल्ली मिळाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण पुढच्या चार दशकांत जी नोकरदार कुटुंबं कल्याण-डोंबिवलीत राहायला आली, त्यांच्या बिल्डिंगखाली पहिली गाडी आली ती बहुतेक वेळा ही किंवा हिच्यासारखीच एखादी छोटी गाडी, आणि तीही सेकंडहँड. इथल्या गाडीचा दिनक्रमच वेगळा. सोमवार ते शनिवार मालक सकाळची फास्ट पकडून मुंबई गाठतो आणि गाडी कंपाउंडमध्ये उभी राहते, पावसात, धुळीत, उंदरांच्या सोबतीला. रविवारी कुणीतरी किल्ली फिरवतं आणि ती ‘कट्’ असा एकच आवाज करून गप्प बसते. मधल्या काळात गाड्या बदलल्या, त्यांच्यात कॉम्प्युटर आले, पण तो ‘कट्’ काही गेला नाही.

मारुतीच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं इथे जुनी गाडी म्हणजे फियाट, अर्थात प्रीमियर पद्मिनी. तिची विजेची दुखणी डोळ्यांना दिसायची. बॉनेट उघडलं की कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कटआउट सगळं समोर. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप जमवायचा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरली की दुर्गाडीच्या पुलावर गाडी आचके द्यायची. कॅप काढून रुमालाने कोरडी केली की पुन्हा धावायची. जुन्या डायनामोच्या गाड्यांत इंजिन मंद झालं की चार्जिंगही मंदावायचं आणि हेडलाइट पिवळे पडायचे. एवढं करूनही नाहीच जमलं, तर चार माणसं धक्क्याला असायचीच.

कल्याणकरांना प्रीमियरशी आणखी एक नातं आहे. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता आणि १९९० च्या दशकात पाल-प्युजो कंपनीची ३०९ तिथे तयार व्हायची. गाडी चांगली होती, पण प्रकरण काही वर्षांतच आटोपलं. मग जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली, आणि ज्यांनी हौसेने घेतली त्यांना एखाद्या स्विचसाठी, एखाद्या रिलेसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्या धुंडाळाव्या लागल्या. सेकंडहँड गाडी घेताना तिचे विजेचे भाग अजून बाजारात मिळतात का, हे आधी विचारायला इथले लोक तेव्हापासून शिकले, असं म्हणायला हरकत नाही.

खरा फरक पडला तो १९९८ नंतर. सँट्रो एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर, घेऊन आली, इंडिका आली, आणि २००० च्या आसपास प्रदूषणाच्या नियमांमुळे ८०० चाही कार्बोरेटर गेला. पॉइंट घासण्याचं काम संपलं. त्याच्या जागी सेन्सर, टाकीतला विजेचा पंप आणि ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आले. गल्लीतल्या वायरमनची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. नाक्यानाक्यावर ‘एमपीएफआयचं काम होईल’ अशा पाट्या लागल्या त्या नंतर. पण या मंडळींच्या लवकरच लक्षात आलं की कॉम्प्युटर फारसा बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्यापर्यंत जाणारं वायरिंग, कपलर आणि सगळ्यात जास्त अर्थिंग.

अर्थिंगवर थोडं थांबायला हवं, कारण जुन्या छोट्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी तिथे जाऊन मिळतात असं माझं मत आहे. बॅटरीची काळी वायर बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. सगळा करंट परततो तो याच वाटेने. मुरबाड रोडवरच्या एका छोट्या गॅरेजात एक जुनी ८०० आली होती. मालकाने आधी बॅटरी बदललेली, मग सेल्फ खोलून नवे कार्बन आणि बुश टाकलेले, तरी ‘कट्’ कायम. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला धरली आणि म्हणाला, “काका, मारा सेल्फ.” काटा शून्याच्या आसपास राहायला हवा होता. अर्धा व्होल्टही जास्तच. इथे तो दोनच्या पुढे गेला. मग त्याने जंपर केबलचं एक टोक मायनसला, दुसरं थेट इंजिनला लावलं आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. इंजिनच्या अर्थिंगची तांब्याची विणलेली पट्टी बोल्टखाली हिरवी पडून तुटायला आली होती. दुसरी वाट नसल्याने सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून परतत होता आणि तिचं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. पट्टी बदलली, बोल्टखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, वरून ग्रीस लावलं. बॅटरी आणि सेल्फचा खर्च मात्र होऊन गेला होता.

हाच प्रकार मागच्या दिव्यांत दिसतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो. लोक बल्ब बदलत बसतात. होल्डरचं अर्थिंग गंजलेलं असतं आणि करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, एवढंच.

पुढचं दुखणं आपण हाताने आणलं. २००० नंतरची काही वर्षं ॲक्सेसरीजच्या हौसेची होती. स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, रिमोट लॉक, रिव्हर्सचा हॉर्न, फॉगलॅम्प, आणि हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर दहा अँपिअर घेतात. १०० वॉटचे दोन जवळपास सतरा. कंपनीने वायर, होल्डर आणि स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच दिला तो दहासाठी. रिले न टाकता जास्त वॉटचे बल्ब लावले की आधी होल्डर तपकिरी होतो, मग स्विचमधून जळका वास येतो. फ्यूज उडायला लागला तर पंधराच्या जागी तीसचा टाकणारे महाभाग होते, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही होते. पहिल्या मालकाची ही हौस तिसऱ्या मालकाच्या गळ्यात पडते, कारण गाडी विकताना ॲम्प्लिफायर काढून घेतला जातो, पण त्यासाठी सोलून टेप मारलेल्या वायरी डॅशबोर्डमागे तशाच लोंबत राहतात.

सीएनजीनेही यात भर घातली. महानगर गॅसचे पंप ठाण्याच्या पुढे येत गेले तशी जुन्या गाड्यांना बाहेरून किट बसू लागली. चांगल्या कारागिराने जोड झाळून, स्लीव्ह घालून दिले तर त्रास नाही. पण इंजेक्टरच्या वायरी कापून नुसत्या पिळून टेप गुंडाळली की दोन पावसाळ्यांत मिसफायर सुरू. शिवाय सीएनजीवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे पेट्रोलवर निमूट चालणारी कमजोर कॉइल किंवा घासलेला प्लग गॅसवर लगेच उघडा पडतो आणि दोष किटला मिळतो.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी वस्त्यांत शिरलं. पाण्यात गेलेली गाडी धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून उभी केली की फोटोत नवी दिसते. वायरिंग मात्र कार्पेटखालून जातं. पाणी कपलरमध्ये शिरतं, इन्सुलेशनच्या आतून तांब्याच्या तारांवर चढतं आणि हळूहळू हिरवा गंज धरतो. काचा मधेच थांबतात, सेंट्रल लॉक रात्री आपोआप वाजतं, मीटरचा काटा उड्या मारतो. तेही पाणी ओसरल्यावर वर्ष-सहा महिन्यांनी, गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्यानंतर. बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली तो २७ जुलै २०१९ चा दिवसही सगळ्यांना आठवत असेल. असे पूर इथे पुन्हा येणारच, म्हणून एक खूण सांगून ठेवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत सहसा पोचत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेली होती.

नॅनोचा उल्लेख टाळता येणार नाही. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीच्या काही नगांत कॉम्बिनेशन स्विचमधून धूर निघाला, २०१० मध्ये आगीच्या घटना गाजल्या, आणि टाटा मोटर्सने ग्राहकांच्या गाड्यांना विनामूल्य जादा संरक्षण बसवून दिलं. तिच्या वाट्याला आलेली बदनामी मला गरजेपेक्षा जास्त वाटते. स्विच आणि वायरी वितळण्याचं दुखणं आपल्या गल्लीत तिच्या कितीतरी आधीपासून होतं. फक्त त्याची बातमी होत नव्हती.

२०१० नंतरच्या गाड्यांनी तक्रार बोलून दाखवायला सुरुवात केली. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड येतो. आता काही शे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडून कुणीही कोड वाचतं आणि लगेच सेन्सर मागवतं. इथेच घोळ होतो. पी०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सर गेला असं नव्हे. त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच गाडी सांगते. ती गडबड उंदराने कुरतडलेल्या वायरीचीही असेल. पी०५६२ तर सरळ सांगतो की व्होल्टेज कमी आहे. बॅटरी अशक्त असली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम पेटतात. अशा वेळी ईसीएम बदलायला सांगणारा मेकॅनिक भेटला तर गाडी घेऊन निमूट घरी यावं.

आणि आला लॉकडाऊन. कल्याणच्या गाड्यांची एवढी मोठी परीक्षा आधी कधी झाली नव्हती. हिशेब सोपा आहे. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, ईसीएमची मेमरी यांसाठी थोडा करंट घेत असते. तीस मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पन्नासेक दिवसांत खडखडाट. मार्च २०२० च्या शेवटी बंद झालेल्या गाड्या पावसाच्या तोंडावर चालू करायला गेलेल्यांना हा हिशेब कळला. रिकामी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, मग ती कितीही चार्ज करा, जीव धरत नाही. त्या दिवसांत बॅटरीवाले जंपर केबल गळ्यात घालून एका सोसायटीतून दुसरीत फिरत होते.

पुढे उलटंच झालं. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद राहिली ती १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत, आणि तेव्हाही ठराविक वेळांतच उघडली. नोकरी तर मुंबईत. मग जुनी ऑल्टो, वॅगनआर, आय-टेन मिळेल त्या भावात घेऊन लोक शीळ रस्त्याला लागले. रविवारची गाडी अचानक रोज तीन-चार तास चालू लागली, त्यातला निम्मा वेळ कोंडीत. एसी, वायपर, हेडलाइट, फोनचं चार्जिंग सगळं चालू आणि इंजिन मात्र जागच्या जागी. अशा वेळी अल्टरनेटर कमी देतो, बेल्ट सैल असेल तर आणखी कमी. रेडिएटरचा पंखा न फिरल्याने गरम झालेल्या गाड्या रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या दिसायच्या. बहुतेकांच्या मुळाशी एखादा रिले किंवा पंख्याचा जळका कपलर.

लोकल पूर्ववत झाल्या आणि गाड्या पुन्हा कंपाउंडमध्ये गेल्या. आता त्यांच्यात डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर आहेत, तेही गाडी बंद असताना करंट खाणारे. सगळं मिळून दीडशे मिलिअँपिअर गेले तर सोमवार ते शनिवारात साडेएकवीस अँपिअर-तास संपतात, म्हणजे ३५ च्या बॅटरीचा निम्म्याहून जास्त भाग. रविवारी स्टेशनपर्यंत आणि परत, एवढ्या फेरीत तो भरून निघत नाही. उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं टांगणारे, डांबराच्या गोळ्या ठेवणारे आमच्याही सोसायटीत आहेत. माझ्या मते आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडणं आणि गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणं याच्याइतका गुण कशालाच नाही.

तेव्हा जुनी छोटी गाडी बघायला जाल तर मॉडेल आणि किलोमीटर यांच्याइतकाच वेळ वायरिंगला द्या. बंद गाडीच्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास आणि चालू झाल्यावर पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत; हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम चालू करूनही आकडा तेराच्या खाली जाता कामा नये. फ्यूजबॉक्स उघडून कंपनीच्या चिठ्ठीप्रमाणे फ्यूज आहेत का ते पाहा, किल्ल्या दोन्ही मागून घ्या आणि चिपवाल्या असतील तर दोन्हींनी गाडी चालू करून बघा. आणि मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की मी सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर त्या दिवशी टोकन देऊ नका.