स्टेडियमखालचे गाव

उत्तर जपानमधल्या आओमोरी शहरालगत सान्नाई-मारुयामा येथे प्रांतिक सरकारला बेसबॉलचे स्टेडियम बांधायचे होते. इथल्या मातीत जुनी खापरे निघतात, हे एदो काळापासून ठाऊक होते. म्हणून बांधकामाआधी, १९९२ मध्ये, उत्खनन सुरू झाले. अशा कामाचा शिरस्ता ठरलेला असतो : खणायचे, मोजायचे, नोंदवायचे आणि जागा कंत्राटदाराच्या ताब्यात द्यायची.

१९९४ मध्ये सहा प्रचंड खड्डे उघडे पडले आणि हा शिरस्ता मोडला. प्रत्येक खड्डा सुमारे दोन मीटर रुंद आणि जवळपास तितकाच खोल. तीन-तीनच्या दोन रांगा, खड्ड्यांमधले अंतर ४.२ मीटर. तळाशी चेस्टनटच्या, जवळजवळ एक मीटर व्यासाच्या खांबांचे बुंधे तग धरून होते. ओल्या मातीत हवा पोहोचली नाही आणि खांबांचा पृष्ठभाग आधीच जाळून काळा केलेला होता. त्यामुळे हजारो वर्षांतही लाकूड कुजले नाही.

ही वस्ती जोमोन लोकांची. सुमारे ५,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी, म्हणजे जपानात भातशेती येण्याच्या कितीतरी आधी, ती नांदत होती. शिकार आणि कंदमुळांवर जगणारी माणसे छोट्या टोळ्यांनी भटकत असणार, हा समज इथे डळमळीत झाला. ३२ मीटर लांबीची इमारत, दुतर्फा थडगी असलेला रस्ता, पिढ्यान् पिढ्या साचलेले खापरांचे ढीग, दोन हजारांवर मातीच्या मूर्ती : हा मुक्काम काही एका हंगामाचा नव्हे. ज्वालामुखी काच समुद्रापलीकडच्या होक्काइदोहून येत होती, तर जेड दक्षिणेकडच्या दूरच्या इतोइगावाहून. मातीतले परागकण सांगतात की वस्ती वाढली तशी भोवताली चेस्टनटची झाडेही वाढली. सापडलेल्या फळांच्या डीएनएमधला सारखेपणा पाहता, लोक ही झाडे निवडून जोपासत असावेत. शेती नाही, पण रानाची निगराणी आहे, अशी ही मधली अवस्था.

हे सारे दिसले ते स्टेडियममुळेच. अभ्यासासाठी खणणाऱ्यांना बहुधा चार-दोन चरांपुरताच पैसा मिळतो. चरातून घर दिसते, गाव दिसत नाही. इथे मैदानाएवढी जागा एकदम उघडी झाली. म्हणून घरे, थडगी, रस्ता आणि उकिरडा यांचा परस्परसंबंध कळला.

सरकारने स्टेडियमचे काम थांबवले. २०२१ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. असे भाग्य फार थोड्या जागांना लाभते. बाकीच्या ठिकाणी इमारत उभी राहतेच आणि मागे उरतात त्या फक्त नोंदी. म्हणून उत्खननाचा वेळ आणि खर्च प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. बुलडोझर आल्यावर मागितलेल्या चार दिवसांत फार तर खापरे गोळा होतात.