बंगल्यातले झाड आणि आपली लेकरे

दहिवली-कर्जत भागात फार्महाऊस वाढली, तशी वस्तीतल्या बायांना तिथे झाडलोट आणि बागकामाची मजुरी मिळू लागली. लहान लेकराला सांभाळायला घरी कोणी नसते, मग ते आईबरोबर जाते. आई गवत काढते, पोर झाडाखाली खेळते. ते झाड कसले आहे, हे मात्र कुणाला माहीत नसते. आरोग्य बैठकीत बाया डहाळ्या घेऊन येतात, त्यात सर्वांत जास्त वेळा येते ती पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. हे झाड मूळचे अमेरिकेतल्या उष्ण भागातले. फुले सुंदर, देखभाल कमी, म्हणून कुंपणाला लावतात.

ओळख अशी. पाने लांब, अरुंद, चकचकीत. फांदीवर एकेक करून फिरत्या क्रमाने येतात. फूल पिवळे, कधी केशरी, नरसाळ्यासारखे. फळ हिरवे, कंगोऱ्यांचे, पिकले की काळे पडते. आत टणक आठळी. पोरे ती खेळायला घेतात आणि खरा धोका तिथेच आहे. लाल-गुलाबी कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीन एकत्र येतात आणि तिला लांब शेंगा येतात. तीही विषारीच. फांदी मोडल्यावर पांढरा चीक निघतो, पण तेवढ्यावर झाड ओळखू नये. चीक चाफ्यालाही असतो. पाखरे फळ खातात म्हणून माणसाला चालते, हेही खोटे. चव घेऊन तर कधीच पाहू नये.

बिट्टीचे विष हृदयावर जाते. उलट्या, जुलाब, चक्कर, मग नाडी मंद आणि अनियमित. सुरुवातीला पोर बरे दिसते, म्हणून घरी थांबू नका. मोगली एरंडाच्या बिया पोरे शेंगदाण्यासारख्या खातात. त्याने उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होते.

मीठपाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढू नका. मीठपाणी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा आणि १०८ ला फोन करा किंवा थेट कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. सोबत पान, फूल, फळ असलेली डहाळी पिशवीत घ्या, किती वाजता खाल्ले ते सांगा. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतील. ‘नजर लागली’ म्हणून भगताकडे गेलात तर तेवढा वेळ हातचा जातो. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा देऊन आपल्याला त्या वाटेवरून बाहेर काढले आहे.

एरवी, कुणी आजारी नसताना अनोळखी झाडाची डहाळी कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात दाखवून नाव विचारता येईल. छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नका. वाळल्यावरही विष राहते. काम संपल्यावर हात साबणाने धुवा. आणि मालकाला विचारायला कचरू नका, “साहेब, हे झाड कसले?” त्याला माहीत नसेल तर त्याने शोधून सांगावे. मजुरी आपण घामाची घेतो, लेकराच्या जिवाची नाही.